ज्या शंकांना मत पडलं नाही

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी नोकरीला होतो, तिथं रिसेप्शनच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही होता. त्यावर क्रिकेट लागत नसे, बातम्या लागत नसत. त्यावर मुलांच्या शंका लागत. जिला सगळ्यात जास्त मतं ती शंका वर, तिच्याखाली त्याहून कमी मतांची, मग त्याहून कमी. पान आपोआप उलटायचं. प्रवेशासाठी आलेले आईवडील समोरच्या सोफ्यावर बसून ते वाचायचे. त्यांना त्यातलं अक्षर कळायचं नाही, आणि कळायचं नाही म्हणूनच ते खूश व्हायचे.

"काय एकेक विचारून राहिलेत पोरं," मुरुडहून आलेले एक गृहस्थ बायकोला म्हणाले होते. "आपल्याला वाचता पण येईना."

"मग इथंच टाकू त्याला," बायको म्हणाली. फी भरायच्या खिडकीकडं ते तिथूनच वळले.

त्या टीव्हीची आठवण झाली की आजही माझं डोकं तडकतं. इतकी वर्षं झाली, आता सोडून दे, असं घरचे म्हणतात. मी सोडत नाही. सोडण्यासारखं त्यात काही घडलं असतं तर सोडलं असतं.

क्लासच्या मालकांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. त्यांच्याबद्दल लिहिताना आधी त्यांचे उपकार सांगायला हवेत, कारण ते खरे आहेत.

भूकंप झाला तेव्हा मी नववीत होतो. आमचं गाव लातूरच्या दक्षिणेला, मोठ्या रस्त्यापासून आत. आमच्या गल्लीत घरं कुडाची आणि पत्र्याची होती. दगडामातीचं जड माळवद घालण्याइतकी कुणाची ऐपत नव्हती, त्यामुळं जीव वाचले. भिंती कलल्या, विहिरीचं पाणी गढूळ झालं, कणग्या फुटून ज्वारी मातीत मिसळली. पण गावातलं माणूस एकही गेलं नाही.

पुढं मदतीचे ट्रक यायला लागले. फाट्यावर आम्ही सगळे जाऊन उभे राहायचो. पहिला ट्रक थांबला तेव्हा क्लीनरनं खिडकीतून मान काढून विचारलं, "तुमच्यात किती गेले?"

माझे वडील पुढं होते. ते म्हणाले, "कोणी न्हाई गेलं. देवाची मेहरबानी."

"मग पुढचं गाव कुठं आहे?"

वडिलांनी हातानं दाखवलं. ट्रक गेला. दुसराही तसाच गेला. तेव्हा शेजारचे काका चिडून म्हणाले, "आवो, चार गेले म्हणून सांगा की! कोण मोजायला यिऊन राहिलंय?"

"चार कोण?" वडील म्हणाले. "तू एक, तुझा भाऊ दोन. अजून दोघं कोण हायत, त्यांना इचारून घे."

लोक हसले. त्या दिवसांत हसणारे आम्हीच असू. पुढं पाऊस लागला आणि आम्ही खताच्या पोत्यांची खोळ करून राहिलो. जिथं माणसं गेली तिथं ट्रक आधी गेले, यात चूक काहीच नाही. ते तसंच व्हायला पाहिजे होतं. पण ट्रक आमच्याकडं नंतरही आला नाही.

नंतर एक माणूस मोटारसायकलवर आला. ते आमचे सर. तेव्हा ते तिशीतले होते, लातूरला एका पत्र्याच्या शेडमध्ये गणित आणि विज्ञान शिकवायचे. ते पारावर बसून म्हणाले, "जी गावं आत आहेत तिथं कोणी जात नाही, म्हणून मी आलो. शिकणारी पोरं द्या. फी नको." आमच्या गावातून आम्ही तिघं गेलो. मी त्यांच्याकडं बारावीपर्यंत शिकलो, त्यांच्याच ओळखीच्या खोलीवर राहिलो. आमच्या घराण्यात कुणी शाळेचा उंबरा नीट ओलांडलेला नव्हता. मी बी.एस्सी. झालो, नांदेडला कॉम्प्युटरचं पुढचं शिक्षण घेतलं. ते त्या माणसामुळं झालं. हे मी नाकारत नाही. कधीच नाकारलं नाही.

त्या शेडमधली एक पद्धत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. शिकवून झालं की सर खडू ठेवायचे, हात झटकायचे आणि शेवटच्या बाकाजवळ जाऊन उभे राहायचे. शंका तिथून सुरू व्हायच्या. पुढचा कुणी हात वर करून उतावीळ झाला तर म्हणायचे, "तू थांब रे. तुझी शंका उद्यापर्यंत टिकते. मागच्याची आज राहिली तर तो उद्या येतच नाही."

मी तेव्हा शेवटच्या बाकावर बसायचो.

पुढं लातूरला परराज्यातूनसुद्धा मुलं यायला लागली. शेडच्या जागी इमारत उभी राहिली, मग नांदेडला शाखा निघाली. सरांनी मला बोलावून घेतलं. "कॉम्प्युटरचं बघायला घरचा माणूस पाहिजे," म्हणाले. मी पुण्यातली नोकरी सोडून आलो. त्यांनी हाक मारली आणि मी गेलो नाही, असं होणंच शक्य नव्हतं.

आता मुलं बाकावर कुठं बसतात याला अर्थ उरला नव्हता, कारण बाकांच्या जागी बॅचा आल्या होत्या. दर महिन्याच्या चाचणीनंतर मुलं गुणांप्रमाणे लावली जायची आणि बॅचा बदलायच्या. वरच्या बॅचला स्वतः सर आणि नावाजलेले शिक्षक. मग उतरत उतरत सगळ्यात खालची बॅच, तिला शिक्षकच नव्हता. तिथं वरच्या बॅचच्या तासाचं चित्रण पडद्यावर लावायचे. मुलं तिला 'पडदा' म्हणायची. "तो पडद्यात गेला" म्हणजे त्याचं नाव घेऊ नका.

मुलांच्या शंकांसाठी सरांनी पुण्याच्या एका छोट्या कंपनीकडून वेबसाइट करून घेतली होती. ती सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. मुलानं मोबाइलवर शंका लिहायची. प्रत्येक शंकेखाली एक बटण होतं, 'मलाही'. दुसऱ्या मुलाला तीच शंका असेल तर त्यानं ते दाबायचं. जितक्या जणांनी दाबलं तितकी मतं. पहिली मतं मित्रांची असायची; शंका टाकणारा तिची लिंक त्यांना पाठवायचा, ज्याला लाज वाटे तो पाठवत नसे. शिक्षकांनी वरून सुरुवात करून उत्तरं द्यायची. ऐकायला छान वाटतं. मलाही छान वाटलं होतं.

पण बटण दाबणाऱ्याचं नाव आणि बॅच शंकेखाली दिसायची. ते सरांना हवं होतं, मुलं किती हुशारीनं भाग घेतात ते पालकांना कळावं म्हणून. आणि आमच्याकडची मुलं! एकदा मी मेसमध्ये जेवत होतो. शेजारच्या टेबलावर दोघांचं चाललं होतं.

"अय, तू त्या उतारावरच्या गणिताच्या शंकेला 'मलाही' दाबलास?"

"न्हाई बा."

"न्हाई कसं? तुझं नाव आख्ख्या लातूरला दिसून राहिलंय."

"चुकून दाबलं गेलं असंल."

"काढ मग. उद्या सगळे म्हणतील ह्याची गाडी आठवीतच पंक्चर झाली."

त्या मुलानं हातातला घास ताटात ठेवला, उष्ट्या बोटानंच मोबाइल काढला आणि ते मत काढून घेतलं. मग मित्राला म्हणाला, "ते अणूच्या स्पिनचं वर हाय ना, त्याला दाबतो."

"तुला कळलं का त्यातलं?"

"कळायला कशाला पाहिजे? टॉपरची शंका हाय."

हेच सगळीकडं चाललं होतं. अवघड शंकेला 'मलाही' म्हणण्यात मोठेपणा होता. सोप्या शंकेला म्हणण्यात अब्रू जात होती. आणि ज्या शंका खरोखर सगळ्यांना होत्या, त्या तर सगळ्या सोप्याच होत्या.

आठवड्यातून एकदा मी नांदेडच्या शाखेत जायचो. अंगठ्याच्या हजेरीचं मशीन तिथं सारखं बिघडायचं. एका दिवशी मी ते उघडून बसलो होतो तेव्हा एक मुलगी आली. अकरावीची असेल. ती रोज उमरीहून रेल्वेनं ये-जा करायची. तिच्या वडिलांचं उमरीला पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान होतं, हे मला नंतर कळलं.

"सर, वेबसाइटचं तुम्हीच बघता का?"

"हो. काय झालं?"

"माझी शंका दिसतच न्हाई."

रिसेप्शनच्या मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "अगं, तुमच्या उमरीला नेट स्लो असतं. मी सांगितलं ना तुला."

"मॅडम, उमरीला टेस्टचे मार्क लगेच दिसतात. शंकाच तेवढी दिसत न्हाई," मुलगी म्हणाली. मॅडमनी मान आत घेतली.

मी तिला म्हटलं, मतं नसतील तर खाली असेल, शेवटच्या पानावर बघ. ती म्हणाली, "शेवटच्या पानापर्यंत गेले की. रोज जाते. तीच शंका परत परत टाकली. एकदा पण दिसली न्हाई." मग तिनं आवाज खाली आणला. "चाचणी आली ना सर. माझा नंबर पडद्याच्या जरा वरच हाय. पप्पा म्हणाले, पडद्यात गेलीस तर नाव काढून घरी आणतो. टीव्हीच बघायचा तर घरी बघ."

शंका काय आहे, मी विचारलं. तिनं मोबाइलवर लिहून ठेवलेली दाखवली. उतारावर ठेवलेल्या वस्तूच्या गणितात साइन कुठं घ्यायचा आणि कॉस कुठं, हे कसं ठरवायचं? पाठ केलंय, पण चित्र फिरवलं की चुकतंय.

भौतिकशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा, ही शंका त्याला होती. मला होती. माझी लातूरची गाडी निघत होती, आणि मला वाटलं, एकदा शंका दिसायला लागली की उत्तर आपोआप येईल. मी म्हटलं, "दोन दिवसांत दिसेल."

लातूरला येऊन मी डेटाबेस उघडला. तिची शंका होती. जितक्यांदा तिनं टाकली तितक्यांदा होती, नीट साठवलेली. पण वेबसाइटच्या कुठल्याच पानावर नव्हती. मग मी पुण्याच्या कंपनीनं लिहिलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून शंका निवडून पानावर आणणारी आज्ञा, वाचली.

शंकांचं एक टेबल होतं आणि मतांचं दुसरं. लोकप्रियतेनं लावायचं म्हणजे दोन्ही टेबलं जोडायची, कुठल्या शंकेला किती मतं ते मोजायचं आणि जास्तीकडून कमीकडं मांडायचं. पण जोडताना त्यांनी असं लिहिलं होतं की ज्याची जोडी लागेल तेवढंच पुढं घ्यायचं. ज्या शंकेला एक तरी मत आहे, तिची जोडी लागते. जिला एकही नाही, तिच्यासाठी मतांच्या टेबलात काहीच सापडत नाही, आणि ती जोडतानाच गळून जाते. शेवटच्या पानावरसुद्धा ती येत नाही. कुणी खोडलेली नसते. फक्त विचारलं जातं 'किती?' आणि उत्तर 'कोणी नाही' असलं की 'मग पुढचं गाव कुठं आहे?'

मी खुर्चीत बसलो होतो आणि मला फाटा दिसत होता. रांगेत शेवटी उभं राहायला माझी कधीच हरकत नव्हती. शेवटच्यालाही पुढं सरकता येतं. पण रांगेतच नसलेल्या माणसानं कुठं सरकायचं?

दुरुस्ती एका शब्दाची होती. शंका आहे तर ती घ्यायचीच, मत असो वा नसो. नसेल तर तिथं शून्य लिहायचं. मी तो शब्द घातला आणि पान पुन्हा उघडलं.

शंका बाहेर यायला लागल्या. संपेनात. लातूरच्या, नांदेडच्या, सगळ्या बॅचच्या. सगळ्यांसमोर शून्य. आणि त्यात साइन-कॉसची तीच शंका इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी विचारलेली होती की मी वाचता वाचता मोजणं सोडून दिलं. बिलोलीच्या एकानं लिहिलं होतं, 'सर हसू नका.' वरच्या बॅचच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'माझं नाव दाखवू नये.' प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्या एकट्यालाच येत नाही.

भौतिकशास्त्राचे शिक्षक माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले होते. ते वाचत राहिले. मग म्हणाले, "हे मला कुणी दाखवलं का नाही? मी समजत होतो यांना हे येतं. उद्या पहिला तास यावरच घेतो."

तो उद्या आला नाही.

झालं असं, की टीव्हीवरची पानं पूर्वी चार उलटली की पुन्हा पहिलं यायचं. आता ती संपेचनात. अणू, स्पिन, टॉपरच्या शंका गेल्या आणि मागून ही सगळी शून्यं आली. रिसेप्शनमध्ये पालक बसले होते. कुणीतरी म्हणालं, "इथल्या पोरांना एवढं पण येत न्हाई का?" सर नेमके तेव्हाच जिना उतरत होते.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हा काय उकिरडा मांडलास बाहेर?"

मी सगळं सांगितलं. चूक कुठं होती, शंका कशा गळत होत्या, मुलं बटण का दाबत नाहीत. मला खरंच वाटत होतं की ते खूश होतील. ते आतल्या गावांत मोटारसायकलवर आलेले गृहस्थ होते.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आधी बरोबरच चाललं होतं."

"सर, शंका दिसतच नव्हत्या."

"कुणाला हव्या होत्या त्या? जिला एकानंही मत दिलं नाही, ती कसली शंका? पहिल्यासारखं कर."

मी म्हटलं, टीव्हीवर नका दाखवू. शिक्षकांना तरी दिसू द्या. ज्यांना उत्तर नाही त्यांतली सगळ्यात जुनी आधी, एवढंच करतो.

"शिक्षकांना पगार वरच्या बॅचच्या निकालाचा मिळतो," सर म्हणाले. "खालच्यांच्या बेरजा-वजाबाक्या काढत बसले तर निकाल कोण देणार? तू पहिल्यासारखं कर."

मी केलं नाही. मी म्हटलं, "माझ्या हातानं नाही होणार सर." त्यांनी फोन उचलला आणि पुण्याला लावला. संध्याकाळच्या आत तो शब्द निघाला. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना त्यांनी बोलावून सांगितलं की अभ्यासक्रम मागं आहे. टीव्हीवर पुन्हा चार पानं फिरायला लागली, स्वच्छ, अवघड, कुणालाही न कळणारी.

मी तरीही नोकरीत राहिलो. उपकार ही भारी चीज असते, ती अशी एका दिवसात अंगावरून उतरत नाही.

चाचणी झाली. नांदेडला पालकसभा लागली. सर लातूरहून गाडीनं आले, मी त्यांच्यासोबत, प्रोजेक्टर लावायला. ज्यांची मुलं पडद्यात गेली त्या पालकांना सर सगळ्यांसमोर एकेक करून उभं करत होते. उमरीच्या मुलीच्या वडिलांचं नाव पुकारलं. सडपातळ माणूस, बोटांच्या पेरांत वाइंडिंगच्या वार्निशचे डाग. मुलगी शेजारी खाली मान घालून उभी राहिली.

"साहेब, ही घरी लई अभ्यास करते," वडील म्हणाले. "गणितात कुठं अडकली कळंना. शंका टाकल्या म्हणती."

सरांनी मला खूण केली. मी भिंतीवर शंकांचं पान लावलं.

"हे बघा," सर म्हणाले. आवाज मऊ होता, मला तोच सगळ्यात जास्त डाचतो. "ह्या आपल्या मुलांच्या शंका. सगळ्या. यात तुमच्या मुलीची कुठं दिसते का? नाही. का नाही? कारण तिला जे येत नाही ते बाकी सगळ्यांना येतं. मी तिला दोष देत नाही. पण तिला झेपेल तिथंच ती बसलेली बरी."

वडिलांनी पूर्ण पान वरून खाली बघितलं. मग विचारलं, "म्हणजे हिला एकटीलाच येत न्हाई?"

"समोर आहे ना."

"पप्पा, न्हाई," मुलगी म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "त्या दिवशी लई जणांची हीच होती. मी बघितलं. खाली शून्य शून्य लिहून होतं. दुसऱ्या दिवशी सगळं गेलं."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. सरही थोडे हसले. "साइटची काहीतरी गडबड होती ती. काय रे? सांग त्यांना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलेन याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांचं लक्ष पुढच्या नावाकडं गेलंही होतं. त्या खात्रीचा मला जो राग आला तो आजवर दुसऱ्या कशाचा आला नाही.

मी म्हटलं, "गडबड नव्हती. गडबड ही आहे, जी आता भिंतीवर आहे."

"अरे..."

"हिची शंका आपल्याकडं साठवलेली आहे. तीच शंका इथल्या आणि लातूरच्या कितीतरी मुलांची आहे. वरच्या बॅचच्या सुद्धा. मत पडलं नाही म्हणून ती दाखवत नाहीत. बाकी काही नाही. इथं बसलेल्या निम्म्या पोरांना ती असेल."

आता कुणी हसत नव्हतं. मागं बसलेल्या मुलांत एकदम चुळबुळ झाली आणि थांबली.

सर माझ्याजवळ आले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "याला मी मातीतून उचलून आणलं. भूकंपाच्या वेळी याच्या घरावर छप्पर नव्हतं. याला मी फुकट शिकवलं. आणि आज हा मला शिकवून राहिलाय."

"हाव सर, तुम्हीच शिकवलं," मी म्हटलं. माझी गावची बोली तोंडात आली होती, ती मला आवरता आली नाही. "मागच्या बाकापासून शिकवलं. मी मागच्याच बाकावर होतो. तुम्ही तवा आधी मतं मोजली असती तर मी आज इथं नसतो."

त्यांचा चेहरा क्षणभर शेडमधला झाला. मग ते म्हणाले, "तेव्हा एक शेड होतं. आता तीन मजले आहेत. ते कोण चालवणार, मागचा बाक?" आणि मला दाराकडं हात केला.

मी निघालो. माझ्यामागं चपलांचा आवाज आला. मुलीचे वडील होते, तिचा हात धरून.

रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती. आम्ही तिथं बसलो. वडिलांनी तीन चहा सांगितले. मग म्हणाले, "सर, खरं सांगा. पोरीची बाजू घ्यायची म्हणून बोललात का?"

"नाही. खरं तेच बोललो."

"लई जण हायत?"

"लई जण."

त्यांनी मान हलवली. मी मुलीकडं वळलो. "उतार काढून टाक," मी म्हटलं. "जमीन सपाट कर. आता वस्तू घसरते का?"

"न्हाई."

"मग घसरवणारं बळ किती?"

"शून्य."

"कोन शून्य झाल्यावर कोण शून्य होतं, साइन की कॉस?"

ती टपरीच्या बाकाकडं बघत राहिली. बाक एका बाजूला थोडा कललेला होता. "साइन," ती म्हणाली, आणि मग जरा मोठ्यानं, "म्हणजे घसरवणारा साइन. चित्र कसं पण फिरवा." तिनं वडिलांकडं पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं, पण तिचा चेहरा कळला असावा.

माझ्या कपातला चहा अजून गरम होता. बस एवढंच होतं ते! एवढ्यासाठी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. एवढ्यासाठी तिचं नाव निघणार होतं. कपातला चहा निवायच्या आत जे सांगून झालं, ते सांगायला त्या तीन मजल्यांत कुणाला फुरसत नव्हती.

वडील उठले, पोरीचं दप्तर त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "तुला घरी न्यायला आलतो," ते तिला म्हणाले. "तुला एकटीला येत नसतं तर नेलं असतं. आता न्हाई नेत. पडद्याच्या बॅचला बस, कुठं पण बस. फी भरलेली हाय. अडलं की हात वर करायचा, कोणी हसलं तर हसू दे." आणि मला म्हणाले, "ते बाकीच्या पोरांना पण सांगा की. त्यांना वाटत असंल आपण एकटेच."

"सांगतो," मी म्हणालो.

लातूरला पोहोचेपर्यंत माझा पासवर्ड बदललेला होता. माझ्या खुर्चीवरचा पंचा आणि डबा शिपायानं खाली आणून दिला. नवा टीव्ही आणखी मोठा बसवला असं पुढं ऐकलं. दुसऱ्या क्लासवाल्यांनीही तसेच बसवले.

सरांना मी नंतर एकदाच भेटलो. त्यांच्या घरी काही दुःख झालं तेव्हा जाऊन आलो, पायाही पडलो; बोललो नाही. उपकार आहेतच. पण ते उपकार त्या हुशार, मागच्या बाकाजवळ उभं राहणाऱ्या माणसाचे आहेत, आणि त्या माणसाला कुणी घालवलं याचा हिशोब मी त्याच माणसाकडं मागतो.

बिलोलीचा तो 'सर हसू नका' लिहिणारा मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या शंकेला मी उत्तर देऊ शकलो नाही. त्याची शंका कुणी खोडली नाही. सर्व्हर चालू असेल तर ती आजही तिथं आहे, तिच्या शेजारी बाकीच्या सगळ्या आहेत. फक्त त्या पानावर येत नाहीत, आणि सोफ्यावर बसलेल्यांना वाटतं, कोणी काही विचारलंच नाही.